धालसिमचा हात: लढाईच्या व्हिडिओ गेममधलं पात्र कसं घडतं

नव्वदच्या दशकात आमच्या स्टेशनबाहेर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. अंधारी, लांबट खोली, भिंतीला टेकून उभी केलेली पाच-सहा मशीन आणि गल्ल्यावर कॉइनची पत्र्याची बरणी. एका रुपयाला एक कॉइन. स्ट्रीट फायटरच्या मशीनभोवती कायम गर्दी असायची. खेळणारे दोघं, बाकीचे मान तिरकी करून बघणारे. बहुतेक पोरं र्‍यू किंवा केन घ्यायची. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पडद्यावर जगाचा नकाशा आला, त्यात भारत दिसला, आणि दुसरा काहीच विचार न करता मी भारताचा माणूस निवडला.

टक्कल, खपाटीला गेलेलं पोट, फाटकी पिवळी चड्डी, गळ्यात तीन कवट्या. मी बटण दाबलं आणि पडद्याच्या या टोकाला उभ्या असलेल्या त्या किडकिडीत माणसाचा हात लांबत लांबत पार त्या टोकाच्या माणसाच्या तोंडावर जाऊन आदळला. मी हबकलोच. मागून कोणीतरी म्हणालं, "योगावाला घेतलास होय? त्याच्याने नाही जमत कोणाला."

त्या माणसाचं नाव धालसिम. गेली तीस वर्षं तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. एक कारण असं की तो भारताचा म्हणून दाखवलेला आणि तरीही आपल्यापैकी कोणासारखाच न दिसणारा माणूस आहे. दुसरं असं की लढाईच्या गेममधलं पात्र नेमकं कशाचं बनलेलं असतं, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. जपानमधल्या ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने 1987 मध्ये 'स्ट्रीट फायटर' काढला. त्यात खेळणाऱ्याला निवड नव्हतीच. पहिला खेळाडू र्‍यू, दुसरा केन, संपलं. 1991 मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि चित्र पालटलं. आता निवडायला आठ जण होते: र्‍यू, केन, सुमो मल्ल होंडा, चीनची चुन-ली, ब्राझीलचा हिरवा ब्लांका, रशियाचा झँगीफ, अमेरिकेचा गाइल आणि भारताचा धालसिम. या गेमच्या रचनेमागची दोन मुख्य नावं म्हणजे अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा. यासुदा चाहत्यांमध्ये 'अकिमान' या टोपणनावाने ओळखले जातात. आज लढाईचा कुठलाही गेम उघडला तरी त्याचा सांगाडा याच 1991 च्या गेमकडून आलेला दिसतो.

आता पात्राकडे वळू. कादंबरीतला माणूस आपल्याला त्याच्या बोलण्यातून, वागण्यातून, आठवणींतून कळतो. नाटकातला माणूस रंगमंचावर येतो आणि बोलतो. लढाईच्या गेममध्ये यातलं काहीच हाताशी नसतं. घड्याळ 99 वरून उलटं मोजायला लागतं, समोर प्रतिस्पर्धी उभा असतो आणि दोघांनाही बोलायला उसंत नसते. इथे माणूस कळतो तो अंगठ्याला. स्टिक मागे ओढली की तो किती चपळाईने मागे सरकतो, उडी मारली की किती वेळ हवेत राहतो, मारायला गेला की किती उघडा पडतो, हाच त्याचा स्वभाव. म्हणून पात्र घडवायला बसणाऱ्याला पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो असा: बाकीच्या सात जणांना जमत नाही असं या शरीराला काय जमतं, आणि त्याची किंमत तो कशी मोजतो?

किंमत हा शब्द इथे फार महत्त्वाचा. लढाईच्या गेममध्ये खर्चायला दोनच गोष्टी असतात, अंतर आणि वेळ. झँगीफ तुम्हाला एकदा कवेत घेऊन आपटला की निम्मी लाइफ गेली असं वाटतं, पण त्यासाठी त्याला अगदी खेटून यावं लागतं, आणि तिथवर पोचताना तो मार खातो. गाइल लांबूनच 'सॉनिक बूम' फेकतो, पण त्याआधी स्टिक थोडा वेळ मागे धरून ठेवावी लागते, म्हणजे तेवढा वेळ त्याला पुढे जाता येत नाही. धालसिमला अंतर फुकट मिळालं आहे. जागचा न हलता तो पडद्याचा बराच भाग ओलांडून मारू शकतो. मग तो किंमत कशात मोजतो?

कबड्डीचं मैदान आठवा. चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून आत आला आहे. तो नुसता उभा असतो तेव्हा त्याला कोणी हात लावत नाही. पण गडी मारायला तो पाय लांब टाकतो, कोपऱ्यातल्या बचावपटूच्या दिशेने झुकतो, त्या क्षणी त्याचा घोटा उघडा पडतो. चांगला कोपरारक्षक नेमक्या त्याच क्षणाची वाट बघत असतो. पाय जितका लांब, तितका गडी मारायची संधी मोठी, आणि तितकीच घोट्याला पकड बसायची भीतीही. बोनस रेषेवर पाय टाकणाऱ्या प्रत्येक चढाईपटूला हे न शिकवता माहीत असतं.

धालसिमचा हात म्हणजे तोच लांब टाकलेला पाय.

हे गेमच्या आत कसं घडतं ते थोडं जवळून बघू. मशीनला चित्र दिसत नाही. आपल्याला टक्कल, कवट्या, चड्डी दिसते; मशीनला दिसतात फक्त अदृश्य चौकोन. पात्राच्या अंगावर जे चौकोन असतात त्यांना खेळणारे 'हर्टबॉक्स' म्हणतात; त्यांना धक्का लागला तर आपल्याला मार बसतो. आपण वार केला की मुठीच्या किंवा पायाच्या ठिकाणी आणखी एक चौकोन थोडा वेळ उगवतो, तो 'हिटबॉक्स'. माझा हिटबॉक्स तुझ्या हर्टबॉक्सला टेकला की तुला लागलं. पडद्यावरची सगळी मारामारी, सगळी आग, सगळ्या किंकाळ्या, शेवटी या चौकोनांच्या हिशेबावर चालतात. चाहत्यांनी हे चौकोन रंगवून दाखवणारी साधनं बनवली आहेत. ती लावून धालसिमला हात लांबवायला सांगा. त्याच्या खांद्यापासून निघून पडद्याच्या मध्यावर पोचलेल्या त्या हातावर हर्टबॉक्सचाही चौकोन पसरलेला दिसेल. म्हणजे हात पोचला तर लागतो, आणि हात पोचायच्या आत समोरच्याने त्याच हातावर लाथ मारली तर धालसिमला लागतं. तो उभा आहे पडद्याच्या त्या टोकाला, आणि मार खातोय इथे, बोटांवर.

त्याला जोडूनच वेळेचं गणित येतं. हा गेम सेकंदाला सुमारे 60 चित्रं दाखवतो. एका चित्राला 'फ्रेम' म्हणतात. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात. बटण दाबल्यापासून हिटबॉक्स उगवेपर्यंतच्या फ्रेम, हा झाला 'स्टार्टअप'. हिटबॉक्स जिवंत असतो त्या फ्रेम. आणि वार संपून हातपाय जागेवर येईपर्यंतच्या फ्रेम, म्हणजे 'रिकव्हरी'. या काळात तुम्ही काहीच करू शकत नाही. कबड्डीतच सांगायचं तर पाय टाकायला लागणारा वेळ, पाय टाकलेला क्षण आणि पाय परत ओढून घ्यायला लागणारा वेळ. माणसाच्या डोळ्याला काहीतरी दिसून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 15 फ्रेम. समजा एखाद्या वाराचा स्टार्टअप 5 फ्रेमचा आहे. तो बघून अडवणं कोणालाच शक्य नाही, अंदाजच बांधावा लागतो. पण स्टार्टअप 20 फ्रेमचा असेल तर सावध माणूस तो येताना बघतो आणि उत्तर तयार ठेवतो. आखूड, झटपट ठोसा सुरक्षित का असतो आणि लांब, दणदणीत वार धोक्याचा का असतो, ते यावरून कळेल. धालसिमच्या शरीरात हा तोल सगळ्यात ताणलेला आहे.

शिवाय तो चालतो सावकाश. उडी मारली की तरंगत राहतो, लवकर खाली येत नाही, आणि हवेत रेंगाळणाऱ्याला खालून मारणं सोपं जातं. या दोन गोष्टी कोणी आळसाने तशाच ठेवलेल्या नाहीत. लांब हात, मंद पाय आणि तरंगती उडी एकत्र आले की खेळणाऱ्याला एकाच पद्धतीने खेळावं लागतं: धीर धरून. समोरच्याला जवळ येऊ द्यायचं नाही. तो पुढे सरकेल तिथे हात टाकायचा, उडी मारेल तिथे पाय उचलायचा, आणि आपण कधी काय टाकू हे त्याला ओळखू द्यायचं नाही. अशा पात्राला खेळणारे 'झोनर' म्हणतात. पार्लरमधला तो मुलगा "नाही जमत कोणाला" म्हणाला तेव्हा त्याच्या परीने बरोबरच बोलत होता. नवख्याच्या हातात धालसिम नुसता हात फेकत राहतो आणि बोटं ठेचून घेतो. पण खरं सांगायचं तर 1991 च्या त्या मूळ आवृत्तीत जाणकार खेळाडू गाइल आणि धालसिम या दोघांना सगळ्यात वरच्या रांगेत बसवतात. ताकद होतीच, फक्त ती ओळखायला वेळ लागत होता.

त्याचे दोन खास वार बघा. स्टिकने पाव वर्तुळ काढून ठोसा मारला की तोंडातून आगीचा गोळा निघून समोर जातो, तो 'योगा फायर'. अर्धं वर्तुळ काढलं की तोंडासमोरच ज्वाळा पेटते आणि तिथेच विझते, ती 'योगा फ्लेम'. खरी गंमत पहिल्यात आहे. हलक्या बटणाने सोडलेला गोळा सावकाश जातो, आणि हा सावकाशपणा धालसिमला फार उपयोगी पडतो. गोळा वाटेत असेपर्यंत समोरच्याला तो अडवावा तरी लागतो किंवा त्यावरून उडी तरी मारावी लागते. तो उडाला की लांब हात त्याची वाट बघत असतोच. असा तो गोळा धालसिमचा तिसरा हातच होतो. नंतरच्या आवृत्तीत त्याला क्षणात नाहीसं होऊन दुसरीकडे उगवायची विद्याही मिळाली, 'योगा टेलिपोर्ट'. मंद पायांच्या माणसाला पाय न हलवता जागा बदलता येणं, ही त्याच्या शरीराला शोभणारीच देणगी आहे. पुढे हात आखूड ठेवून मारायची सोयही आली, स्टिक मागे ओढून बटण दाबलं की झालं. जवळ आलेल्या माणसावर लांब हात काय कामाचा?

सगळंच असं आखून झालं असं समजू नका. या प्रकारच्या खेळांचा जीव मानला जाणारा 'कॉम्बो', म्हणजे अडवायला संधीच न देता एकामागून एक वार जोडणं, योजून घातलेला नव्हता. मोटार फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना बनवणाऱ्यांना एकात एक मिसळलेले जादा वार दिसले. खेळणाऱ्याला ते साधणं अवघड आहे, राहू द्यावं, असं त्यांनी ठरवलं. आज कॉम्बोशिवाय लढाईचा गेम फारसा कोणी बनवत नाही. पात्र घडवणारे निम्मं काम करतात आणि उरलेलं निम्मं खेळणारे मशीनसमोर उभं राहून शोधून काढतात.

आता रूपाकडे येऊ, कारण पार्लरमध्ये मी त्याला उचललं ते रूप आणि नकाशा बघूनच.

त्या मशीनच्या पडद्यावर आडवे 384 आणि उभे 224 ठिपके मावत. पात्राच्या एका चित्राला 15 रंग मिळत. सोळावी जागा पारदर्शक भागासाठी. एवढ्या मोजक्या सामानात आठ माणसं अशी काढायची की खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोरालाही कोण कोण आहे ते कळावं. कारण मशीन पैसे मागतं. कोणी खेळत नसेल तेव्हा ते आपलं आपणच लढाई दाखवत राहतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने क्षणभर थांबून खिशात हात घालावा, एवढाच त्याचा हेतू. म्हणून चित्रकार आधी आकृतीची बाहेरची रेघ ठरवतात. काळ्या शाईने भरून टाकली तरी झँगीफ डोंगरासारखा, चुन-ली दोन अंबाड्यांची, होंडा माठासारखा आणि धालसिम काडीसारखा ओळखू आला पाहिजे. हाताने काढलेलं एकेक चित्र, एकेक ठिपका. लांबणाऱ्या हाताची प्रत्येक अवस्था वेगळी काढलेली. बाकीच्यांच्या ठोशात हात तेवढाच राहतो. याचं शरीर मात्र दर वाराला नवा आकार घेतं.

आवाजाचंही तसंच. संगीत बहुतांश योको शिमोमुरा या संगीतकार बाईंचं. मोजके सूर देणाऱ्या एका चिपवर त्यांनी प्रत्येक देशाची चाल बांधली. धालसिमच्या चालीत परदेशी कानाला 'भारत' ऐकू यावा असे सूर आहेत. आणि लढताना मागे दोन्ही बाजूंना हत्ती उभे, सोंडा उचलणारे.

इथे माझं मन अडखळतं.

कवट्या, हत्ती, आग, योग. बनवणाऱ्यांनी भारत म्हटल्यावर काय काय आठवलं ते सगळं एकाच माणसावर लादलं आहे. नावही तसंच: 'धालसिम' असं नाव आपल्याकडे कुठल्या घरात ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. त्याच्या बायकोचं नाव सॅली. मुलाचं मात्र दत्ता, आणि ते वाचून मला लहानपणी विलक्षण आनंद झाला होता, कारण दत्ता आमच्या चाळीतही होता. गेमच्या नंतरच्या माहितीत कवट्यांची गोष्ट सांगितली आहे: गावात रोगाची साथ आली, त्यात मुलं गेली, त्या मुलांच्या या कवट्या, आणि गावातल्या गरिबांसाठी पैसा उभा करायला हा शांतताप्रिय माणूस लढायला बाहेर पडतो. म्हणजे बघणाऱ्याला घाबरवणारी वस्तू गोष्टीत शोकाची वस्तू होते. या बदलाने मला त्या पात्राबद्दल पहिल्यांदा माया वाटली. तरीही चित्र बघून गोष्ट कोणाला कळत नाही. पार्लरमधल्या पोरांना कवट्या दिसल्या, साथीत गेलेली मुलं दिसली नाहीत.

योगाचंही तसंच आहे. योग ही लढण्याची विद्या नाही. भारतात लढण्याच्या विद्या भरपूर आहेत: कोल्हापूरच्या तालमीतली लाल माती, दांडपट्टा फिरवणारे मर्दानी खेळ, केरळचं कळरीपयट्टू. बनवणाऱ्यांनी त्यातलं काहीच उचललं नाही. हात लांबवणारा भारतीय योगी त्यांच्याही आधी दिसून गेला होता, 1976 च्या एका कुंग फू चित्रपटात. म्हणजे पूर्व आशियातल्या प्रेक्षकाला अशी भारतीय आकृती तोवर अनोळखी राहिलेली नव्हती.

पण एक गोष्ट मला फार उशिरा, मोठेपणी वाचताना सापडली. पतंजलीच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींची चर्चा आहे. अणिमा, लघिमा, महिमा आणि 'प्राप्ति'. प्राप्ति म्हणजे काय, तर व्यासभाष्य सांगतं, 'अङ्गुल्यग्रेणापि स्पृशति चन्द्रमसम्', बोटाच्या टोकाने चंद्राला स्पर्श करता येणं. हे वाचलं त्या रात्री मला स्टेशनबाहेरचं मशीन आठवलं. जमिनीवर बसलेला माणूस आणि चंद्रापर्यंत पोचलेलं बोट! ओसाकाच्या चित्रकारांनी व्यासभाष्य उघडलं होतं असं मी म्हणत नाही. पण लांब हाताचा योगी ही कल्पना आपल्याला परकी नाही, एवढं नक्की.

आगही परकी नाही. गोष्टीत धालसिम अग्नीचा उपासक आहे. आणि आपल्याकडे मुक्ताबाईने मांडे भाजायला खापर मिळेना म्हणून ज्ञानेश्वरांनी योगाने पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपण आजीकडून ऐकलेली आहे. योगातून उठणारी आग म्हटली की मराठी माणसाला आधी ती तापलेली पाठ आणि त्यावरचे मांडे आठवतात. तिथे आग घरच्यांची भूक भागवते. चांगदेव वाघावर बसून भेटायला आले आणि ही भावंडं भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली, त्या कथेतही सिद्धी ही मिरवायची चीज नाही हेच बिंबवलेलं आहे. म्हणूनच योगावाला पोटातली आग समोरच्याच्या तोंडावर फेकतो हे बघताना मला कुठेतरी टोचतं. त्या आगीला आपल्याकडे दुसरं काम होतं.

कोणी म्हणेल, त्या गेममध्ये सगळ्याच देशांचं असंच केलं आहे. खरं आहे. खुद्द जपानचा होंडा म्हणजे सुमो मल्लाच्या तोंडावर काबुकीचा रंग. रशियाचा माणूस अस्वलाएवढा. ब्राझीलचा तर माणूसही नीट नाही, हिरवा आणि विजेचे झटके देणारा. नाणं टाकायच्या आधीच्या काही सेकंदांत ओळख पटायची, तर ठळक रेघ मारावी लागते. हे कारण मला पटतं. पण जपानकडे होंडाशिवाय र्‍यूही होता आणि अमेरिकेकडे गाइलशिवाय केनही. भारताच्या वाट्याला एकच माणूस आला आणि त्या एकट्याच्या गळ्यात कवट्या आल्या. ज्याच्याकडे एकच चेहरा आहे त्याच्या चेहऱ्याबाबत जास्त जपायला हवं होतं, असं मला वाटतं.

जपून केलेलं काम कसं असतं याचं उदाहरणही याच क्षेत्रात आहे. 1997 मध्ये 'टेकन 3' आला. त्यातल्या ब्राझीलच्या एडी गोर्डोची लढायची पद्धत कापोएरा आहे, आणि त्याच्या हालचाली कापोएराचे गुरू मेस्त्रे मार्सेलो परेरा यांच्या शरीरावरून टिपलेल्या आहेत. म्हणजे बटण दाबलं की खऱ्या माणसाच्या कंबरेतून आलेली हालचाल पडद्यावर दिसते. ब्लांकापासून एडीपर्यंतचं हे अंतर सहा वर्षांचं. धालसिमच्या हालचालींना असा गुरू लाभला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करतो.

त्याचं रूप मात्र बदलत गेलं. 1994 च्या हॉलीवूड चित्रपटात धालसिमची भूमिका रोशन सेठ यांनी केली. आपल्या घरांत त्यांचा चेहरा आधीच पोचलेला होता. 1982 च्या 'गांधी'त आणि 1988 च्या दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज'मध्ये नेहरू तेच होते. चित्रपटात धालसिम शास्त्रज्ञ आहे, डॉक्टर धालसिम, खलनायकाच्या कैदेत. कवट्या गेल्या, हत्ती गेले. पण लांब हातही गेला. त्याच्याबरोबर संयम आणि अंतर राखणंही गेलं, आणि उरलेल्या गृहस्थाला दुसरं कुठलंही नाव दिलं असतं तरी चाललं असतं. कवट्या काढूनही धालसिम ओळखू आला असता. हात काढला आणि तो सापडेना.

2016 च्या पाचव्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये तो पांढऱ्या दाढीचा, पगडी बांधलेला, वयस्क असा आला. पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून आदराने वाकावंसं वाटलं. 2023 च्या सहाव्या गेममध्ये तर तो गुरूच आहे. त्यात खेळणारा आपला स्वतःचा माणूस घडवून जगभर फिरतो आणि भेटेल त्या लढवय्याकडून विद्या शिकतो. धालसिमकडे जाऊन शिकलं की आपल्या माणसाचे हात लांबायला लागतात. 1991 मध्ये ज्याच्याकडे बघून परदेशी पोरं घाबरत होती, त्याच्या पायाशी बसून आता जगभरची पोरं शिकतात. आणि पुढच्या हॉलीवूड चित्रपटासाठी धालसिम म्हणून विद्युत जामवालचं नाव 2025 मध्ये जाहीर झालं, लहानपणापासून कळरीपयट्टू शिकलेला नट. मला त्या चित्रपटात एकच गोष्ट बघायची आहे: हात लांब गेल्यावर तो हात दुखतो का.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. सहावा गेम त्याच्याकडे आहे. तोही र्‍यू घेऊन खेळतो. मी म्हटलं, मला योगावाला दे. त्याने दिला. पहिल्या दोन फेऱ्या मी सपशेल हरलो, माझा प्रत्येक हात तो वाटेतच ठेचत होता. तिसऱ्या फेरीत मी हात टाकणं थांबवलं. नुसता उभा राहिलो, एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. तोही थांबला. मग त्याने हवेतच एक लाथ मारून बघितली, माझा हात येईल अशा अंदाजाने. हात आला नव्हता. त्याचा पाय जागेवर परत येत होता, त्या मधल्या फ्रेममध्ये मी बटण दाबलं.

"मामा," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "हा हात टाकणार की नाही हे कळायचं कसं?"

"बघत राहा," मी म्हटलं, आणि पुन्हा एक पाऊल मागे सरकलो.